मुक्कामाला आलेली डाय

सीटी स्कॅनच्या सेंटरवर नंबर लागला की काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, "प्लेन आहे की डाय देऊन?" डाय म्हटलं की कागद वाढतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय का, दमा आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, इथे सही करा. मग आत टेबलावर आडवं झाल्यावर हाताच्या शिरेतून डाय सुटते, घशापासून ओटीपोटापर्यंत एकदम ऊब पसरते, यंत्र घुमतं आणि पाच मिनिटांत काम संपतं. बाहेर पडताना टेक्निशियन सांगतो, "काका, आज पाणी भरपूर प्या."

त्या सांगण्यात एक गृहीत दडलेलं आहे: काम झालं की डाय जाणार. मूत्रपिंडं धड असतील तर दिवसभरात ती जवळजवळ सगळी लघवीवाटे निघून जाते. ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्यामागे काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण एक डाय अशी होऊन गेली की जिने चित्रं सुंदर दिली, देताना पेशंटला दुखू दिलं नाही, आणि एकदा शरीरात शिरल्यावर ती कधीच निघाली नाही. थोरोट्रास्ट तिचं नाव. १९३०च्या आसपास ती बाजारात आली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये लाखो लोकांच्या अंगात गेली. आज ज्याला आपण नॅनोकण म्हणतो तेच तिच्यात होते, ३ ते १० नॅनोमीटरचे. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दहा हजार कण ओळीने मावतील. 'नॅनो' हा शब्द मात्र तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. रसायनशास्त्रज्ञ याला कोलॉइड म्हणत. आपल्या पाठ्यपुस्तकांत कलिल.

क्ष-किरणांची अडचण पहिल्या दिवसापासून होती. १८९५च्या डिसेंबरात रॉन्टगेनने बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात हाडं आणि अंगठी उठून दिसली. रक्त, स्नायू, शिरा यांचा नुसता धूसर धूर. जड अणू क्ष-किरण अडवतात, हलके सोडून देतात, आणि शरीर बहुतांशी हलक्या अणूंचं. मग शिरांमध्ये काहीतरी जड भरावं ही कल्पना लगेच निघाली. जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे शोध जाहीर होऊन महिना होतो न होतो तोच, व्हिएन्नामध्ये हाशेक आणि लिंडेनथाल यांनी मेलेल्या माणसाच्या हाताच्या शिरांत चुना, पाऱ्याचं संयुग आणि पेट्रोलियम यांचं मिश्रण भरून चित्र काढलं. पानाच्या शिरांसारखं जाळं लख्ख उमटलं. मेलेल्या हाताला हरकत घ्यायचं कारण नव्हतं. जिवंत माणसाला चालेल असं जड द्रव्य कोणतं, हा खरा प्रश्न होता आणि तो पुढची तीसेक वर्षं छळणार होता.

ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉइल गावात फॉन हाइडेन यांचा रासायनिक कारखाना होता. सॅलिसिलिक अ‍ॅसिड मोठ्या प्रमाणावर बनवून त्याने नाव काढलेलं. चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेलं 'कॉलरगोल' नावाचं औषधही तिथलंच, जंतुनाशक म्हणून विकलं जाणारं. १९०६ मध्ये फोएल्कर आणि फॉन लिश्टेनबर्ग या दोघा जर्मन डॉक्टरांनी हेच कॉलरगोल मूत्रनलिकेतून उलटं वर चढवून मूत्रपिंडाचं चित्र घेतलं. चांदीमुळे पोकळी स्वच्छ दिसली. पुढे काही रुग्णांत चांदी मूत्रपिंडाच्या मांसात शिरून बसली, काही दगावले. एवढ्यावरून कोणी धडा घेतला का? घेतला, पण चुकीचा. दोष चांदीचा धरला गेला; अंगात बारीक कण सोडण्याच्या कल्पनेवर कोणी बोट ठेवलं नाही.

आता लिस्बनला जाऊ. एगास मोनिझ हा विलक्षण माणूस होता. न्यूरॉलॉजीचा प्राध्यापक, शिवाय राजकारणी. पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्री राहिलेला, पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या तह परिषदेत देशाच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व केलेला. राजकारणातून अंग काढून पन्नाशी उलटल्यावर त्याने संशोधनाला हात घातला. हात घातला हेही शब्दशः खरं नाही, कारण गाउटने बोटं इतकी वाकडी झाली होती की सुई धरणं जमत नसे. कल्पना त्याची, हात त्याचा तरुण सहकारी अल्मेदा लिमाचे.

तेव्हा मेंदूतली गाठ शोधायची तर लक्षणांवरून अंदाज बांधायचा, किंवा कवटीत हवा भरून पोकळ्यांचं चित्र घ्यायचं. ती हवेची तपासणी म्हणजे पेशंटला भयानक डोकेदुखी. मोनिझचा तर्क साधा होता: मेंदूच्या धमन्या चित्रात दिसल्या तर गाठ त्यांना कुठे ढकलते आहे ते कळेल. आधी प्रेतांच्या डोक्यांवर प्रयोग झाले. मग जिवंत रुग्णांवर ब्रोमाइडची द्रावणं, आणि त्यात एक जण गेला. ब्रोमाइड सोडून तो सोडियम आयोडाइडकडे वळला. २८ जून १९२७ला सांता मार्ता इस्पितळात एका तरुणाची मानेतली धमनी उघडी करून २५ टक्क्यांच्या आसपासचं आयोडाइडचं द्रावण सोडलं आणि प्लेट घेतली. धुऊन वर काढली तर तीत मेंदूच्या धमन्या होत्या, आणि पिट्युटरीच्या गाठीने जागेवरून सरकवलेल्या होत्या. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या असं पाहण्याची ही पहिलीच वेळ.

चित्र मिळालं, पण किंमत पेशंट देत होता. दाट आयोडाइड धमनीत शिरताना आग आग व्हायची, काहींना आकडी यायची. मोनिझला हवं होतं असं काहीतरी जे आयोडाइडपेक्षा जड असेल आणि शरीराला जाणवणारही नाही. १९३१ साली त्याने थोरोट्रास्ट हाती घेतलं. त्यातलं जड द्रव्य म्हणजे थोरियम.

थोरियम म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला काहीच आठवत नाही, पण ते बघितलेलं मात्र पन्नाशीपुढच्या अनेकांनी आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेली पेट्रोमॅक्सची बत्ती, तमाशाच्या फडात बांबूला टांगलेली, गणपतीच्या मांडवातली. वीज आली नव्हती तोवर गावाचा उजेड म्हणजे ती. बत्तीचं मेंटल नवं असताना मऊ कापडी पिशवी असते. ती बर्नरला दोऱ्याने बांधायची, काडी लावायची, कापड जळून जातं आणि उरते पिशवीच्याच आकाराची पांढरी राख. ती तापली की डोळे दिपवते, आणि चुकून बोट लागलं की भुगा होते. मग वडीलधाऱ्यांच्या शिव्या ठरलेल्या. ती पांढरी राख म्हणजे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड. उरलेला एक टक्का सिरियमचा. ऑस्ट्रियाचा कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८९१ साली हे प्रमाण बसवलं आणि शहरोशहरी गॅसचे दिवे उजळले. थोरियम मिळायचं मोनाझाइट नावाच्या जड वाळूतून: आधी ब्राझील, मग १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन माणसाला तीच वाळू आपल्याकडच्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. काथ्याच्या निर्यातीबरोबर चिकटून गेलेल्या वाळूने माग लागला असं सांगतात. स्वातंत्र्यानंतर मुंबईत ट्रॉम्बेला १९५५ साली थोरियमचा कारखाना उभा राहिला, तोही आधी मेंटलवाल्यांसाठीच माल काढत होता.

थोरियमचा अणुक्रमांक ९०, आयोडीनचा ५३. क्ष-किरणांपुढे थोरियम म्हणजे भिंतच. विजेच्या दिव्यांनी मेंटलचा बाजार खाल्ला होताच. कलिलं बनवण्यात मुरलेल्या हाइडेनने थोरियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण डेक्स्ट्रिनमध्ये तरंगत ठेवले. डेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून निघणारा, पाकिटाला लावायच्या डिंकातलाच एक चिकट पदार्थ. त्याचं वेष्टन असलं की कण एकमेकांना चिकटून खाली बसत नाहीत. मेंटलची तीच राख अशा रीतीने बाटलीत भरून शिरेत टोचायला तयार झाली.

डॉक्टर खूश झाले, आणि तसं होणं स्वाभाविक होतं. सुई टोचली तर पेशंटला काही जाणवतच नाही. आग नाही, आकडी नाही, चित्र आयोडाइडपेक्षा कितीतरी ठसठशीत. मोनिझच्या धमन्या आता पेन्सिलीने रेखल्यासारख्या दिसू लागल्या.

दुसरा उपयोग तर त्याहून चमत्कारिक. बर्लिनमध्ये पाउल राट आणि जपानमध्ये ओका यांना जवळपास एकाच वेळी, १९२९ च्या सुमारास, दिसलं की शिरेत सोडलेलं थोरियमचं कलिल काही वेळाने रक्तातून नाहीसं होतं आणि यकृत व प्लीहा क्ष-किरणात पांढरीशुभ्र उमटतात. यकृताच्या रक्तवाटांच्या कडेला कुप्फर पेशी बसलेल्या असतात. रक्तातून येणारा जंतू, फुटकी पेशी, कसलाही परका कण पकडून गिळायचा हे त्यांचं काम. प्लीहेत आणि अस्थिमज्जेत त्यांचेच भाऊबंद असतात. थोरियमचे कणही त्यांनी मुकाट गिळले. अंगात गेलेल्या मालाचा निम्म्याहून जास्त भाग यकृतात, बाकीचा बराचसा प्लीहेत आणि मज्जेत. कॅन्सरच्या गाठीत कुप्फर पेशी नसतात, त्यामुळे पांढऱ्या यकृतात गाठ काळ्या भोकासारखी दिसायची. १९३० साली, सोनोग्राफी नाही, सीटी नाही, पोट न उघडता यकृतातली गाठ दाखवणारं दुसरं साधनच नव्हतं. हे विसरून त्या डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे.

पण त्यांना माहीत होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे. थोरियम किरणोत्सारी आहे हे १८९८ मध्येच श्मिट आणि मारी क्युरी यांनी स्वतंत्रपणे दाखवलेलं होतं. घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या न्यू जर्सीच्या मुलींची जबडे सडून झालेली दशा हॅरिसन मार्टलंडने १९२५ मध्ये छापली होती. ब्रश ओठांनी टोकदार करताना पोटात गेलेल्या त्या रंगात रेडियमबरोबर मेसोथोरियमही होतं, आणि ते थोरियमचंच अपत्य. 'रॅडिथॉर' नावाचं रेडियमचं पाणी टॉनिक म्हणून पिणारा अमेरिकेतला धनिक एबेन बायर्स १९३२च्या मार्चमध्ये मेला, तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने भरले. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध परिषदेने थोरोट्रास्ट शिरेतून द्यायला मान्यता नाकारली. कारण नेमकं तेच दिलं: हे द्रव्य किरणोत्सारी आहे आणि शरीरात राहतं. पॅरिसमध्ये रूसी, ओबरलिंग आणि गेराँ यांनी उंदरांना ते टोचलं आणि १९३४ पासून निष्कर्ष छापले: टोचल्या जागी सार्कोमा नावाचा कॅन्सर.

तरीही वापर थांबला नाही. बंदी घालायची ताकद त्या परिषदेकडे नव्हती, तिचा सल्ला म्हणजे सल्लाच. वॉशिंग्टनचे डॉ. येटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये २०० रुग्णांचा पाठपुरावा छापला आणि त्यात काळजीचं काही आढळलं नाही. तो अभ्यास खोटा नव्हता. ज्यांच्या यकृतात आधीच गाठ असल्याचा संशय, त्यांच्यातले कितीतरी त्या आजारानेच जाणार होते. उरलेल्यांना चार-पाच वर्षं पाहिलं तर ते ठणठणीत. थोरियमला वीस-तीस वर्षं लागतात, आणि १९३६ साली वीस वर्षं झालेला एकही माणूस जगात नव्हता.

डोस किती हे पाहू. मेंदूच्या चित्रासाठी दहा-वीस मिलिलिटर, यकृतासाठी पंच्याहत्तरपर्यंत. २५ मिलिलिटरचाच हिशेब करू: त्यात साधारण पाच ग्रॅम थोरियम. एवढ्या थोरियमचे सेकंदाला सुमारे २०,००० अणू फुटतात. हे फक्त मूळ थोरियमचं झालं. फुटलेल्या अणूपासून रेडियम, त्यापासून पुढचं काही, असा हा वंश शिशापर्यंत चालतो, आणि वाटेत सहा वेळा अल्फा कण सुटतो. अल्फा कण बाहेरून आला तर कातडीही ओलांडत नाही. आतून सुटला की चार-दोन पेशी ओलांडतो न ओलांडतो तोच थांबतो, पण तेवढ्या अंतरात आपली सगळी ऊर्जा ओतून मोकळा होतो. थोरियमचं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं. त्यामुळे पेशंटच्या हयातीत ते कमी होण्याचा प्रश्नच नाही. कणांचं भांडार असलेली कुप्फर पेशी मेली की ते मोकळे होतात आणि शेजारची पेशी ते गिळते. पुन्हा तेच. लघवीत उतरत नाहीत, विरघळत नाहीत. शरीराने अर्धं थोरियम बाहेर टाकायला किती वर्षं लागतील याचा एक हिशेब ४०० वर्षांच्या आसपास जातो.

मान उघडून धमनीत टोचताना थोडं बाहेर सांडलं, तर मानेत तेवढ्याच जागी कडक गाठ वाढायची आणि नसा-वाहिन्या आवळायची. आणि एक गोष्ट सगळ्यांतच व्हायची: थोरियमच्या वंशातला एक सदस्य वायू आहे, थोरॉन. तो यकृतातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. सुमारे ५६ सेकंदांत निम्मा होणारा. पुढे प्रयोगशाळांनी याचाच उपयोग केला. पेशंटला नळीत श्वास सोडायला लावायचा, त्यातला थोरॉन मोजायचा आणि त्यावरून अंगात किती थोरियम आहे याचा अंदाज बांधायचा. विशी-पंचविशीत कधीतरी एक तपासणी झालेला माणूस, नोकरी-संसार करून म्हातारा झालेला, प्रत्येक श्वासात किरणोत्सारी वायू सोडत होता आणि त्याला त्याचा गंधही नव्हता.

१९४७ मध्ये बोस्टनहून मॅकमहन, मर्फी आणि बेट्स यांनी एक रुग्ण छापला. थोरोट्रास्ट घेतल्यावर काही वर्षांनी यकृताच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवलेला सार्कोमा. हा कॅन्सर इतका दुर्मीळ की कित्येक पॅथॉलॉजिस्टना आयुष्यभरात एकदाही दिसत नाही. मग एकेक करून इतर शहरांतूनही तसेच रुग्ण पुढे येऊ लागले. लिस्बनमध्ये, जिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली, तिथल्या पॅथॉलॉजिस्ट दा सिल्वा ओर्ता यांच्या टेबलावर मोनिझच्या काळातल्या पेशंटांची यकृतं येऊ लागली. मोनिझला १९४९चं नोबेल मिळालं ते मेंदू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जिच्यावर पुढे जगभर टीका झाली. धमन्यांच्या चित्रासाठी त्याला नोबेल मिळालं नाही, आणि ते तंत्र मात्र आजही रोज वापरात आहे. इतिहासाचं मोजमाप असं कधी कधी उलटं चालतं.

खरं काम नंतरच्या नोंदवहीवाल्यांनी केलं. डेन्मार्कमध्ये १९४३ पासून देशभराची कॅन्सर नोंदणी होती, त्यामुळे कोपनहेगनच्या फिन्सेन संस्थेत मोगेन्स फाबर यांना हजारेक जुन्या पेशंटांची नावं त्या नोंदणीशी जुळवून पाहता आली. जपानमध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना लष्करी इस्पितळांत गोळ्यांच्या जखमा पाहण्यासाठी ही डाय दिलेली होती. तीसेक वर्षांनी त्यांचाच माग काढावा लागला. जर्मनीत हायडेलबर्गहून गेरहार्ट फान काइक यांच्या गटाने १९६८ पासून इस्पितळांच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळून २,३२६ थोरोट्रास्टवाले आणि १,८९० तसेच पण थोरोट्रास्ट न दिलेले पेशंट गोळा केले, आणि दशकानुदशकं सांभाळले. थोरोट्रास्टवाल्यांत यकृताचे कॅन्सर चारशेहून जास्त निघाले. दुसऱ्या गटात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मज्जेत बसलेल्या थोरियमने ल्युकेमियाही वाढवला होता. १९५०च्या दशकात, तीन आयोडीन अणू असलेल्या आणि मूत्रपिंडातून सरळ निघून जाणाऱ्या नव्या डाय आल्या, तेव्हा थोरोट्रास्ट मागे पडलं. त्याला हटवलं चांगल्या पर्यायाने. उंदरांवरच्या पुराव्याने किंवा परिषदेच्या नकाराने नाही. हे मला आजही बोचतं.

यकृताच्या चित्राची ती युक्ती मात्र कोणी टाकून दिली नाही, कारण युक्ती चांगलीच होती. साठच्या दशकात गंधकाच्या कलिलावर टेक्निशियम-९९एम बसवून शिरेत देऊ लागले. कुप्फर पेशी तेही तसेच गिळतात, यकृत-प्लीहेचा स्कॅन तसाच निघतो, पण टेक्निशियम सहा तासांत निम्मं होतं आणि एक-दोन दिवसांत जवळजवळ संपतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, १९६३ पासून, न्यूक्लिअर मेडिसिन करणाऱ्यांच्या पिढ्या घडल्या, त्यांच्या हातांनी असे स्कॅन किती निघाले असतील कोण जाणे. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फेरिडेक्समध्ये लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण होते, वर डेक्स्ट्रानचं वेष्टन. ऑक्साइड, वर स्टार्च-साखरेच्या जातीचं वेष्टन, लक्ष्य कुप्फर पेशी: आराखडा जवळजवळ थोरोट्रास्टचाच. एमआरआयमध्ये चांगलं यकृत काळवंडतं, गाठ उजळ राहते. राट-ओकांच्या चित्राची निगेटिव्हच म्हणा. फरक एवढाच की लोह गिळल्यावर पेशी ते फोडून शरीराच्या लोहाच्या साठ्यात जमा करते. शरीराला लोखंड कसं वापरायचं ते माहीत आहे, थोरियमचं काय करायचं ते माहीत नाही.

कॅन्सरवरच्या औषधांना उलटी अडचण होती. औषध कणांत भरून गाठीपर्यंत न्यायचं तर वाटेत यकृत ते गिळून टाकतं. जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांनी चरबीच्या पातळ फुग्यात डॉक्सोरुबिसिन भरलं, वर पीईजी या रसायनाचं आवरण चढवलं म्हणजे कुप्फर पेशींना तो चटकन ओळखू येत नाही, आणि १९९५ मध्ये 'डॉक्सिल' नावाने ते मंजूर झालं. कामानंतर फुगा विरघळतो. २००७ मध्ये बोस्टनच्या फ्रँजिओनी यांच्या गटाने कण किती लहान असला की मूत्रपिंडातून गाळून जातो हे उंदरांत मोजलं: साधारण ५.५ नॅनोमीटर, वेष्टनासकट. त्याच्या खालचा कण लघवीत, वरचा यकृतात. थोरोट्रास्टचे काही कण एकेकटे त्या मापात बसलेही असते. पण वेष्टनासह आणि रक्तात गोळे झाल्यावर तो हिशेब बिघडतो.

पॅरिसच्या नॅनोबायोटिक्स कंपनीने तर पुन्हा जड धातूच्या ऑक्साइडलाच हात घातला. हाफ्नियम, अणुक्रमांक ७२. कण सुमारे ५० नॅनोमीटरचे, सरळ गाठीत टोचायचे, शिरेतून नाही. ते तिथेच राहतात, आणि ते राहावेत हीच योजना. हाफ्नियम स्वतः गप्प असतं. रेडिओथेरपीची किरणं पडली की ती जास्त अडवतं आणि गाठीतला मारा वाढवतं. मशीन बंद की पुन्हा गप्प. हातापायांच्या सार्कोमाच्या १८० रुग्णांवरच्या चाचणीत गाठ जवळजवळ पूर्ण मरण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १६ वर गेलं, आणि २०१९ मध्ये युरोपात त्याला परवानगी मिळाली. तो निकाल वाचताना मी आधी आकडा नाही पाहिला, चाचणीत पेशंटांवर किती वर्षं लक्ष ठेवणार आहेत ते शोधलं. थोरोट्रास्ट वाचून झालेल्या माणसाला ही खोड लागते.

जुन्या पॅथॉलॉजी विभागांच्या कपाटांत थोरोट्रास्टच्या स्लाइड अजून आहेत. यकृताचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काचेवर चिकटवलेला, सूक्ष्मदर्शकाखाली त्यात तपकिरी-करडे कण गठ्ठ्यांनी दिसतात. तशा कापावर फोटोचं इमल्शन लावून अंधारात काही आठवडे ठेवलं आणि मग डेव्हलप केलं, तर प्रत्येक गठ्ठ्यातून चहूबाजूंना बारीक काळ्या रेषा फुटलेल्या दिसतात, चांदणी काढल्यासारख्या. एकेक रेषा म्हणजे एकेक अल्फा कणाची वाट. पेशंट कधीचा गेलेला असतो, लेबलवरची शाई फिकट झालेली असते. नवं इमल्शन लावून ठेवा, त्याच जागी पुन्हा चांदण्या उमटतात.